कोजागिरीला जपानी चंद्र

१८८३ साली तोक्योत एक चित्र छापलं गेलं. तीन कागद शेजारी शेजारी मांडले की ते पुरं होतं. गवताळ माळ, वारा, ढगांतून वर आलेला चंद्र. फुजिवारा नो यासुमासा नावाचा सरदार बासरी वाजवत एकटाच चालला आहे आणि त्याच्या मागे, उंच गवतात, हाकामादारे नावाचा दरोडेखोर तलवारीला हात घालून दबा धरून बसला आहे. जपानमध्ये ही गोष्ट शेकडो वर्षं सांगितली जाते. थंडी तोंडावर आलेली, दरोडेखोराला समोरच्याच्या अंगावरची वस्त्रं हवी आहेत. तो मागोमाग चालतो, पण बासरी थांबत नाही, वाजवणारा डगमगत नाही आणि ह्याचा हात काही उठत नाही. शेवटी यासुमासाच त्याला घरी नेतो आणि स्वतःहून एक उबदार वस्त्र देतो. चित्रकाराचं नाव त्सुकिओका योशितोशी.

हे चित्र नाशिक जिल्ह्यातल्या चांदवडच्या लोकांना कोजागिरीच्या रात्री, खऱ्या चंद्राखाली, खरी बासरी ऐकत पाहायला मिळावं असं मला मनापासून वाटतं. त्यासाठी काय लागतं, ते कुठून मिळतं आणि कुठल्या क्रमानं करायचं, ते पुढे मांडलं आहे. चांदवड डोळ्यांसमोर ठेवून लिहिलं असलं, तरी येवला, सटाणा किंवा कुठल्याही तालुक्याच्या गावाला यातलं बहुतेक सगळं लागू पडेल.

एक गोष्ट सुरुवातीलाच ठरवावी लागते. जपानी चित्रं आणि रागसंगीत, दोन्ही "उच्च कला" म्हणून लांबून दाखवली तर लोक आदरानं येतात, अवघडून बसतात आणि परत येत नाहीत. पण चित्र कसं छापलं जातं आणि राग कसा बांधला जातो हे एकदा हाताला कळलं, की तीच माणसं हक्कानं पाहतात आणि ऐकतात. म्हणून रात्रीच्या कार्यक्रमाची खरी सुरुवात त्याच दिवशी सकाळी, शाळेत होते.

आधी दिवसाबद्दल. चांदवडला रेणुकामातेच्या नवरात्रात गाव गजबजलेलं असतं. त्या दिवसांत दुसरं काही ठेवू नये. दसऱ्यानंतर पाच दिवसांनी येणारी कोजागिरी मात्र मोकळी असते. लाल कांद्याची काढणी अजून जोरात आलेली नसते आणि उन्हाळ कांद्याची धांदल तर मार्च-एप्रिलची. शिवाय त्या रात्री लोक तसेही गच्चीवर, अंगणात जागे असतात, दूध आटत असतं. त्यांना नव्यानं घराबाहेर काढावं लागत नाही. सहामाही परीक्षेची तारीख तेवढी शाळांना विचारून घ्यावी. आणि जपानशी हा दिवस ओढूनताणून जोडलेला नाही. जपानी लोक आठव्या चांद्रमासाच्या पंधराव्या रात्री चंद्रदर्शनाचा सण करतात, त्यानंतर नवव्या मासाच्या तेराव्या रात्री पुन्हा एकदा. ही दुसरी रात्र बहुतेक वर्षी आपल्या कोजागिरीच्या दोनच दिवस आधी येते. चंद्रासमोर गवताचे तुरे आणि तांदळाच्या पिठाचे गोळे मांडायची तिथली रीत आहे. आणखी एक धागा आहे, तो मुलांना फार आवडतो: चंद्रावर ससा जपानलाही दिसतो. ससा आणि चंद्राची जातककथा बौद्ध धर्माबरोबर भारतातून चीनमार्गे तिकडे गेली. जपानी मुलांच्या डोळ्यांना तो ससा उखळात भात कांडताना दिसतो.

आता जागा. चांदवडला अहिल्याबाई होळकरांच्या काळातला रंगमहाल आहे. कोरीव लाकडी खांब आणि भित्तिचित्रं असलेला हा वाडा मराठेशाहीतल्या चित्रकलेचा मोलाचा ऐवज आहे. चित्रांचा कार्यक्रम करायला याहून चांगली जागा सापडणार नाही, आणि म्हणूनच तिथे जास्त जपावं लागतं. अशा वास्तूत काही करायचं तर संबंधित खात्याकडे लेखी परवानगीचा अर्ज किमान तीन-चार महिने आधी द्यावा. अर्जात स्पष्ट लिहावं की भिंतीला खिळा, टेप, दोरी काहीही लागणार नाही, चित्रं सुट्या लाकडी स्टँडवर उभी राहतील, आत स्वयंपाक होणार नाही, प्रखर दिवे लावले जाणार नाहीत. परवानगी मिळाली नाही तर हट्ट करू नये. शाळेचं सभागृह आणि त्याला लागून मोकळं पटांगण असलं तरी काम उत्तम होतं. सकाळी मुलांना रंगमहालात नेऊन तिथली भित्तिचित्रं दाखवावीत आणि मग शाळेत जपानी चित्रं दाखवावीत. एकाच दिवशी दोन्ही पाहिली की मुलं आपणहून तुलना करू लागतात: इथे रेषा कशी आहे, तिथे कशी, इथे रंग कुठे भरलाय, तिथे कुठे सोडून दिलाय.

चित्रं मिळवायची कशी, हा सगळ्यांना अवघड वाटणारा प्रश्न. खरं तर तोच सगळ्यात सोपा आहे. मूळ जपानी छापचित्रं इथे आणता येणार नाहीत आणि आणूही नयेत. त्यांतले वनस्पतिजन्य रंग उजेडानं विटतात, म्हणून संग्रहालयंसुद्धा ती मंद उजेडात, साधारण ५० लक्सवर, थोडे दिवसच मांडतात आणि मग अंधारात विश्रांतीला ठेवतात. पण चित्रकार होकुसाई १८४९ साली गेला, हिरोशिगे १८५८ साली आणि योशितोशी १८९२ साली. त्यांच्या चित्रांवर आता कुणाचाही स्वामित्वहक्क नाही. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयानं २०१७ पासून आपल्या संग्रहातल्या अशा हक्कमुक्त कलाकृतींची मोठ्या आकारातली छायाचित्रं सगळ्यांना विनामूल्य खुली केली आहेत; ती उतरवून घ्यावीत, छापावीत, कुणाची परवानगी लागत नाही. शिकागोची आर्ट इन्स्टिट्यूट आणि ॲमस्टरडॅमचं राइक्स म्युझियम यांनीही हेच केलं आहे.

छपाईत एक चूक हमखास होते, ती टाळावी. चित्रं फ्लेक्सवर छापू नयेत. फ्लेक्सला चकाकी असते, आणि मुळात तळहातावर धरून पाहायची ही चित्रं दहा फुटी केली की त्यांचा जीव जातो. होकुसाईची प्रसिद्ध लाट प्रत्यक्षात जेमतेम २५ गुणिले ३७ सेंटिमीटरची आहे, शाळेच्या चित्रकलावहीच्या पानासारखी. चित्रं चकाकी नसलेल्या जाडसर कागदावर, मूळ मापातच छापून घ्यावीत. नाशिकला कुठल्याही चांगल्या डिजिटल छपाईवाल्याकडे हे होतं. वीस चित्रं पुष्कळ झाली. मोठं करायचं ते एकच, यासुमासाच्या बासरीचं तीन कागदांचं चित्र, कारण रात्री ते सगळ्यांना एकदम दिसायला हवं. चित्राचा मध्य मोठ्या माणसाच्या डोळ्यांच्या उंचीला, जमिनीपासून साधारण दीड मीटरवर यावा. मुलांसाठी काही चित्रं मुद्दाम खाली लावावीत. शेजारची माहिती मराठीत, चार-पाच ओळींची, ठळक अक्षरात: कुणी काढलं, कधी, कशाचं आहे आणि कुठे नीट पाहावं. हे शेवटचं सगळ्यात महत्त्वाचं. "लाटेच्या खाली होड्या शोधा, त्यांत माणसं आहेत" एवढं लिहिलं की माणूस चित्रासमोर थांबतो. तीन होड्या सापडल्या की मग लांबचा छोटासा फुजी डोंगरही सापडतो.

आता ही चित्रं होत कशी, ते. ज्याला आपण "होकुसाईचं चित्र" म्हणतो ते चार जणांचं काम असे: प्रकाशक, चित्रकार, कोरणारा आणि छापणारा. पैसा प्रकाशक घालायचा आणि काय खपेल तेही तोच ठरवायचा. चित्रकार पातळ कागदावर शाईनं रेषाचित्र काढायचा. तो कागद जंगली चेरीच्या लाकडी फळीवर उलटा चिकटवायचा, मागून चोळून जवळजवळ पारदर्शक करायचा आणि कोरणाऱ्यानं रेषांच्या दोन्ही बाजूंचं लाकूड काढून टाकायचं. म्हणजे चित्रकाराच्या हातचं मूळ चित्र या कामात नष्टच व्हायचं. उरायची ती फळी. तिच्यावरून काळ्या रेषांच्या प्रती काढायच्या, त्यांवर चित्रकारानं कुठे कुठला रंग ते खुणावायचं आणि प्रत्येक रंगासाठी वेगळी फळी कोरायची. असे अनेक रंगांचे ठसे एकाच कागदावर उठवायची पद्धत १७६५ च्या सुमारास चित्रकार सुझुकी हारुनोबूच्या काळात रूढ झाली.

मग छापणारा. त्यानं कागद आधी ओलसर करून ठेवलेला असतो. फळीवर ब्रशनं पाण्यातला रंग आणि थोडी तांदळाची खळ घालायची, कागद वर ठेवायचा आणि वेळूच्या पातीत गुंडाळलेल्या चपट्या गोल चकतीनं पाठीमागून चोळायचं. या चकतीला बारेन म्हणतात. छापयंत्र नाही, दाब नाही, फक्त मनगट. आकाश वरून गडद आणि खाली फिकट होत जाताना दिसतं ना, तेही ब्रशमधला रंग आणि पाणी फळीवर हातानं सरकवून साधलेलं असतं, दर प्रतीला नव्यानं. होकुसाईच्या लाटेतला तो निळा मात्र परदेशातून आलेला प्रशियन निळा. १८३० च्या आसपास तो जपानात स्वस्त झाला आणि निसर्गचित्रांची लाटच आली. ही चित्रं श्रीमंतांच्या दिवाणखान्यासाठी नव्हती, सामान्य माणसाच्या खिशाला परवडणारी होती. पुण्यात १८७८ मध्ये निघालेल्या चित्रशाळा प्रेसनं आणि पुढे रविवर्म्याच्या छापखान्यानं आपल्या आजी-पणजीच्या घरात देवादिकांची चित्रं पोचवली, त्याच जातीचं हे काम. हे सांगितलं की गावातल्या ज्येष्ठ माणसांना ही चित्रं परकी वाटत नाहीत.

आता प्रश्न असा की पाच-सहा रंगांचे ठसे एकाच कागदावर तंतोतंत एकमेकांवर बसतात कसे? उत्तर इतकं साधं आहे की मुलांना ते करून दाखवल्यावर त्यांचा विश्वास बसत नाही. प्रत्येक फळीवर, चित्राच्या बाहेर, दोन खाचा कोरलेल्या असतात. खालच्या उजव्या कोपऱ्यात काटकोनी खाच, आणि खालच्याच कडेला डावीकडे एक सरळ खाच. कागदाचा कोपरा काटकोनात टेकवायचा, कडा सरळ खाचेला लावायची आणि कागद सोडायचा. दर वेळी तो तिथेच पडतो. याला केंतो म्हणतात.

सकाळची कार्यशाळा याच खाचांभोवती रचावी. लिनोलियमचे तुकडे, त्यांवर कोरलेली रेषा, किंवा मऊ फोमचे तक्ते, त्यांवर बोथट पेन्सिलीनं दाबून काढलेली रेषा. जलरंगात गव्हाच्या किंवा तांदळाच्या पिठाची पातळ खळ. बारेनऐवजी स्टीलच्या चमच्याची पाठ. केंतोसाठी पुठ्ठ्याची एक पट्टी आणि एक काटकोन सगळ्या तक्त्यांना सारख्याच जागी चिकटवावा. दोन रंग पुरेत. पाचवी ते नववीची तीस मुलं, तीन तास, दोन शिक्षक. एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट ग्रेड परीक्षेला बसलेली मुलं आणि त्यांची तयारी करून घेणारे कलाशिक्षक चांदवडच्या शाळांत असतातच. त्यांना हे काम एका दुपारी बसून शिकता येतं. पहिल्या तीन-चार प्रती वाया जाणार, रंग पसरणार, कागद सरकणार. त्या फेकायच्या नाहीत, रात्री त्याही मांडायच्या, कारण छपाई म्हणजे काय ते पाहुण्यांना त्याच नीट सांगतात.

विषय काय द्यावा? हिरोशिगेनं १८३३-३४ च्या सुमारास एदो, म्हणजे आजचं तोक्यो, ते क्योतो या राजरस्त्यावरच्या ५३ मुक्कामांची चित्रमालिका काढली. घाट, पाऊस, चहाची दुकानं, हमाल, नदी उतरणारे प्रवासी. चांदवडसुद्धा मुंबई-आग्रा रस्त्यावरचं मुक्कामाचं गाव आहे. मुलांना हाच रस्ता द्यावा: पिंपळगाव बसवंत, वडाळीभोई, चांदवड, राहुड घाट, उमराणे, सौंदाणे, मालेगाव. कांद्यानं भरलेला ट्रॅक्टर, ढाब्यासमोरचा ट्रक, टोलनाक्यावरची रांग, घाटातलं धुकं. "निसर्गचित्र काढा" म्हटलं की सगळी मुलं डोंगरामागचा सूर्य काढतात. "वडाळीभोईच्या थांब्यावर काय दिसतं ते काढा" म्हटलं की प्रत्येकाचं चित्र वेगळं येतं.

याच सकाळी अर्धा तास संगीताला द्यायचा आणि तिथे लागते फक्त एक पेटी. हा भाग मला सगळ्यात प्रिय आहे, म्हणून जरा सावकाश सांगायचा आहे.

जपानी पारंपरिक सुरावटी बहुतेक पाच स्वरांच्या असतात, आपले औडव रागही पाच स्वरांचे. पेटीच्या काळ्या पट्ट्या सप्तकात पाचच. काळी तीन हा षड्ज धरून फक्त काळ्या पट्ट्या वर वाजवत जायचं: सा रे ग प ध. हा भूप. मध्यम आणि निषाद वर्ज्य. जपानात एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून शाळेतली आणि लोकप्रिय गाणी ज्या स्वरमालेत रचली गेली, तिच्यातही नेमके चौथा आणि सातवा हेच स्वर गाळलेले असतात. आता पट्ट्या त्याच ठेवायच्या, पण काळी एक हा षड्ज धरायचा: सा रे म प ध. हा दुर्गा, आणि जपानी लोकगीतांत फार आढळणारी "यो" नावाची स्वरमालाही हीच. काळी पाच षड्ज केली की त्याच पट्ट्यांचा मालकंस होतो. एकही नवी पट्टी न दाबता केवळ "सा कुठे?" एवढं बदललं की सगळं वातावरण पालटतं, हे मुलांना कानानं कळतं. पाठीमागे तंबोरा, म्हणजे आजच्या सोयीनं इलेक्ट्रॉनिक तानपुरा, दर वेळी नव्या षड्जावर लावायला मात्र विसरू नये. तो नसला तर फरक ऐकूच येत नाही.

मग पांढऱ्या पट्ट्या. पांढरी तीन षड्ज, पुढे पांढरी चार, सहा, सात आणि वरच्या सप्तकातली एक. सा, कोमल रे, म, प, कोमल ध. हे गुणकलीचे स्वर. सकाळचा राग, म्हणून सकाळच्या वर्गाला अगदी योग्य. चेरीच्या फुलांवरचं "साकुरा साकुरा" हे जपानी मुलांना पाठ असलेलं गाणं याच पाच स्वरांत आहे. त्याची चाल पेटीवर वाजवावी आणि लगेच शिक्षकानं गुणकलीचा छोटा आलाप घ्यावा. इथे घाई करू नये, कारण मुलं लगेच म्हणतात, "सारखंच आहे!" सारखं नाही, आणि ते का नाही हेच शिकवायचं आहे. स्वर तेच, पण गुणकलीत कोमल रिषभ आणि कोमल धैवत हलत्या आंदोलनानं लागतात, मींडेनं एकमेकांकडे जातात. जपानी चालीत स्वर सुटे, ठाम आणि एकेकटे उभे राहतात. राग म्हणजे स्वरांची यादी नव्हे, स्वरांची चाल. हे वाक्य फळ्यावर लिहून जितकं समजणार नाही, तितकं या दोन मिनिटांत समजतं.

जपानी वाद्यांची ओळख इथेच करून द्यावी. कोतो हे १३ तारांचं, माणसाच्या उंचीएवढं लांब वाद्य. प्रत्येक तारेखाली सरकती घोडी असते, ती हलवली की सूर बदलतो. शाकुहाची ही उभी धरायची वेळूची बासरी, पुढे चार आणि मागे एक भोक. पंडित रविशंकरांनी १९७८ साली होझान यामामोतो यांची शाकुहाची आणि सुसुमु मियाशिता यांचं कोतो यांच्यासोबत एक ध्वनिमुद्रिका केली होती, ती शिक्षकांनी तयारी करताना जरूर ऐकावी. उलट दिशेची वाटही आहे: पंडित शिवकुमार शर्मांचे शिष्य ताकाहिरो अराई हे जपानी संतूरवादक मुंबईत राहून आपलं रागसंगीत वाजवतात.

रात्रीचा क्रम लहान ठेवावा. सात वाजता दालन उघडायचं. अर्धा-पाऊण तास लोकांना चित्रं पाहू द्यायची आणि सकाळच्या मुलांनी आपापल्या छापाशेजारी उभं राहून पाहुण्यांना केंतो समजावून सांगायचा. कुठल्याही जाणकारापेक्षा ही मुलं चांगलं सांगतात. पावणेआठला सगळे बैठकीत. दीपप्रज्वलन, स्वागत, आभार सगळं मिळून दहा मिनिटांत. इथे ठाम राहावं लागतं. शाल-श्रीफळाचे पंधरा सत्कार आणि प्रत्येकाचं मनोगत झालं की बासरीला साडेनऊ वाजतात आणि मुलं झोपलेली असतात. पैसे देणाऱ्यांची नावं दारावरच्या फलकावर मानानं लिहावीत, त्यांना पहिल्या रांगेत बसवावं, भाषण मात्र कुणालाच नको.

मग भूप. पंचवीस मिनिटं, गायन किंवा बासरी, तबल्यासह. रात्रीचा पहिला प्रहर, राग ओळखीचा, सकाळी पेटीवर ऐकलेला. त्यानंतर योशितोशीच्या "चंद्राच्या शंभर छटा" या १८८५ ते १८९२ दरम्यानच्या मालिकेतली पाच-सहा चित्रं पडद्यावर, प्रत्येकाची गोष्ट दोन मिनिटांत. त्यांतल्या एकात भल्यामोठ्या चंद्रासमोर सोनगोकू हा वानर आणि ससा आहेत. चिनी कथेतला हा वानर पाहून चांदवडच्या मुलांना मारुती आठवणारच, आणि तसं त्यांना म्हणू द्यावं.

आणि मग यासुमासा. इथे दिवे मंद करायचे, फक्त त्या मोठ्या चित्रावर उजेड. गोष्ट सांगणाऱ्यानं दरोडेखोर गवतात बसला तिथपर्यंतच सांगायची आणि गप्प व्हायचं. बासरीवाल्यानं कसलीही घोषणा न होता दुर्गा सुरू करायचा, नुसता आलाप, दहा-बारा मिनिटं. लोकांनी तेवढा वेळ चित्रातल्या त्या मुठीवरच्या हाताकडे पाहत ऐकायचं. आलाप संपल्यावर गोष्टीचा शेवट सांगायचा आणि मग बंदिश, तबला. गोष्टीनं आलापाला कारण मिळतं. एरवी "हे नुसतं आ-आ काय चाललंय" म्हणणारा माणूस इथे श्वास रोखून बसतो, कारण बासरी थांबली तर काय होईल हे त्याला ठाऊक असतं.

आवाजाची व्यवस्था हा नेहमीचा अडथळा. गावातल्या साउंडवाल्याची यंत्रणा लग्नासाठी आणि मिरवणुकीसाठी जमवलेली असते. त्याला आठवडाभर आधी बोलावून समजवावं: बासरीला एक माइक, तबल्याला दोन, तानपुरा अगदी मंद, प्रतिध्वनीचं बटण पूर्ण बंद, खालचा घुमणारा आवाज कमी. जनरेटर शक्य तितका लांब. त्याला दुपारच्या चाचणीलाच कलाकारांसोबत बसवावं, म्हणजे रात्री तो स्वतः कान देऊन सांभाळतो.

उघड्यावर ध्वनिक्षेपक रात्री दहानंतर चालत नाही. ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांत सणासुदीला वर्षातले मोजके दिवस बारापर्यंत सवलत देता येते, पण ती सरकारनं जाहीर केलेल्या दिवसांनाच. त्यावर विसंबू नये. पावणेदहाला माइकचा भाग संपवावा आणि दूध वाटावं. ज्यांना थांबायचं आहे त्यांनी सतरंज्या जवळ ओढाव्यात आणि पुढची मैफल बिनमाइकची व्हावी. चाळीस-पन्नास माणसं, जवळ बसलेली. मध्यरात्रीकडे मालकंस, किंवा त्याच्या कोमल निषादाऐवजी शुद्ध निषाद घेऊन होणारा चंद्रकंस. सकाळी ज्या मुलांनी पेटी वाजवली त्यांना हा बदलही दाखवता येतो: काळी पाचच्या मालकंसात काळी चार सोडून पांढरी सहा घ्यायची, बस्स. आताचा चंद्रकंस प्रचारात आणण्याचं श्रेय बी. आर. देवधरांना दिलं जातं, आणि देवधर हे पं. विष्णु दिगंबर पलुसकरांचे शिष्य.

पलुसकरांचं नाव इथे सहज आलेलं नाही. दरबारी आणि खासगी बैठकीतलं गाणं तिकीट लावून, वेळेवर सुरू करून, सामान्य श्रोत्यांसमोर नेण्याचं काम त्यांनी केलं. १९०१ मध्ये लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं आणि आयुष्याची अखेरची वर्षं बरीचशी नाशिकला घालवली; त्यांचे पुत्र, गायक द. वि. पलुसकर यांचा जन्मही १९२१ मध्ये नाशिकचाच. विष्णु दिगंबरांच्या शिष्यांनी उभारलेल्या अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षा आज लहान लहान गावांत होतात, प्रारंभिकपासून विशारद-अलंकारपर्यंत. म्हणजे पेटीवर गुणकली दाखवू शकणारा शिक्षक शोधायला मुंबईला जावं लागत नाही, तो तालुक्यातच सापडतो. त्याला मानधन द्यावं; आपल्याच गावचा म्हणून फुकट बोलावू नये.

बासरीवादक बाहेरून आणायचा तर स्पिक मॅके ही संस्था आहे. किरण सेठ यांनी १९७७ मध्ये दिल्लीत सुरू केलेली ही स्वयंसेवकांची चळवळ शाळा-महाविद्यालयांत नामवंत कलाकारांची सप्रयोग व्याख्यानं घडवून आणते. यजमान शाळेनं किंवा महाविद्यालयानं जागा, निवास, चहापाणी आणि शांत श्रोते एवढी जबाबदारी घ्यायची असते. चांदवडला नेमिनाथ जैन संस्थेचा मोठा शैक्षणिक परिसर आहे, तिथल्यासारख्या महाविद्यालयातून असा अर्ज जाणं स्वाभाविक ठरेल. जपानी बाजूसाठी मुंबईतल्या जपानच्या वाणिज्य दूतावासाला आणि दिल्लीच्या जपान फाउंडेशनला पत्र लिहावं. फाउंडेशन जगभर फिरती प्रदर्शनं पाठवतं. ती लहान गावाला झेपतीलच असं नाही, पण पुस्तकं, माहितीपट किंवा एखादा व्याख्याता विचारायला हरकत नाही. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात सर रतन टाटा आणि सर दोराब टाटा यांच्या संग्रहातून आलेल्या जपानी कलावस्तू आहेत, आणि २०१५ पासून त्या संग्रहालयाची बसही गावोगावच्या शाळांत जाते. शाळेची सहल मुंबईला जाणार असेल तर त्या दालनासाठी एक तास राखून ठेवावा.

पैशाचं सांगायचं तर खर्चाची मोठी बाब कलाकारांचं मानधन आणि प्रवास. त्यानंतर ध्वनियंत्रणा, मग छपाई. लिनो, रंग आणि कागद त्या मानानं किरकोळ. तिकीट लावावं का? माझं मत लावावं, पण दहा-वीस रुपयांचं, आणि विद्यार्थ्यांना मोफत. तिकीट घेतलेला माणूस वेळेवर येतो. बाकीचा भार एका मोठ्या देणगीदारापेक्षा वीस छोट्यांनी उचललेला बरा. पुढच्या वर्षी त्यांतले पंधरा तरी राहतात.

कार्यक्रम उठल्यावर स्टँड आणि चित्रं कुणाच्या माळ्यावर जाऊ देऊ नयेत. प्रत्येक चित्रामागे कडक पुठ्ठा लावून, दोन चित्रांत साधा कागद घालून, सपाट लाकडी पेटीत ठेवावीत आणि पेटीवर आतल्या चित्रांची यादी चिकटवावी. मुलांचे छापही त्यात. ही पेटी कोजागिरीनंतर वडाळीभोई, उमराणे, देवळा अशा शाळांत आठ-आठ दिवस फिरू शकते. सोबत केंतोच्या पुठ्ठ्याच्या पट्ट्या, दोन कोरलेले तक्ते आणि काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचा तो पाठ एका पानावर लिहून द्यावा. परत आली की कुठे काय फाटलं ते तपासावं, ते चित्र पुन्हा छापून घ्यावं, आणि पुढच्या कोजागिरीची तारीख पाहून बासरीवाल्याला फोन करावा, कारण त्या रात्रीचे चांगले वादक सहा महिने आधीच ठरलेले असतात.